चांगला होता, पण पुन्हा नको

टीव्हीवर 'सैराट' लागला की आमच्या घरात एक गोष्ट ठरलेली असते. आई सुरुवातीपासून बसते. परश्याची विहिरीतली उडी बघते, 'झिंगाट'ला पाय हलवते, हैदराबादला गेल्यावर आर्चीचे हाल बघून "लाडात वाढलेली पोरगी की ओ ती" असं वडिलांना दर वेळी नव्यानं सांगते. मग शेवट जवळ येतो. दारात रांगोळी काढणारी आर्ची मान वर करून बघते, त्याच्या जरासं आधी आई गुडघ्यावर हात टेकून उठते. "तुम्ही बघा, मी भाकरी टाकायलेय." घड्याळात साडेसात वाजलेले असोत की साडेदहा, आणि भाकरी सकाळीच झालेल्या असल्या तरी.

हा सिनेमा तिनं किती वेळा पाहिलाय याचा हिशेब नाही. शेवट मात्र एकदाच पाहिलाय, २०१६ च्या मे महिन्यात, थिएटरात.

त्याच नागराज मंजुळेंचा 'फँड्री' मी तिला घरी लावून दाखवला होता. संपल्यावर ती म्हणाली, "लई चांगलाय. पण परत लावू नकोस." दोन्ही वाक्यं एका श्वासात. तिला त्यात काहीच विसंगत वाटलं नाही आणि ऐकताना मलाही वाटलं नाही. नंतर वाटलं. चांगली आमटी आपण पुन्हा मागतो, चांगलं गाणं पुन्हा लावतो. मग चांगला सिनेमा पुन्हा नको, असं का व्हावं?

आधी जरा निवडून घेऊ. टुकार सिनेमा आपण पुन्हा बघत नाही, त्यात समजावण्यासारखं काही नाही. खून कोणी केला एवढ्यावर उभा असलेला सिनेमा उत्तर कळलं की संपतो, सोडवून झालेल्या शब्दकोड्यासारखा. मला बोलायचंय ते तिसऱ्या जातीबद्दल. जो आपण दहा जणांना "बघच" म्हणून सांगतो, आणि त्यांच्यापैकी कोणी "चल, सोबत बघू" म्हटलं की आपल्याला अचानक काम आठवतं.

मराठीत आपण 'आवडला' आणि 'भिडला' हे दोन वेगळे शब्द वापरतो. अभ्यासकांना हा फरक जरा उशिरा सापडला. मेरी बेथ ऑलिव्हर आणि अ‍ॅन बार्च या दोघींनी २०१० मध्ये मांडलं की सिनेमातून मिळणारी मजा आणि सिनेमाबद्दल वाटणारी कदर या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात, कारण एकीचा आकडा अगदी खाली असताना दुसरीचा वर असू शकतो. आईचं "लई चांगलाय" हे कदरीच्या खात्यातलं आणि "परत लावू नकोस" हे मजेच्या खात्यातलं. एवढ्यानं विसंगती मिटते. पण पुन्हा बघायचं की नाही हे ठरवताना मन दुसऱ्याच खात्याकडे का बघतं, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी गार पाण्याचा एक प्रयोग सांगतो. तो सिनेमाचा नाही, पण माझ्या मते या सगळ्याची किल्ली त्यात आहे.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तो प्रसिद्ध केला. ३२ जणांना एक हात १४ अंशाच्या पाण्यात ६० सेकंद बुडवून ठेवायला सांगितलं. आमच्या सोलापूरच्या मे महिन्यात हे वाचताना हेवा वाटेल, पण १४ अंशाचं पाणी मिनिटभरात हाताला चांगलंच झोंबतं. दुसऱ्या हाताला तेच ६० सेकंद, तेच १४ अंश, आणि त्यानंतर हात बाहेर न काढता आणखी ३० सेकंद. या वाढीव अर्ध्या मिनिटात पाणी हळूहळू १५ अंशापर्यंत आणलं. तेव्हाही ते गारच, फक्त किंचित कमी. मग विचारलं, आता तिसऱ्यांदा हात बुडवायचाय, दोन्हींपैकी कोणता प्रकार चालेल?

साधा हिशेब सांगतो की साठ सेकंदांवाला घ्यावा, त्रास कमी. पण ३२ पैकी २२ जणांनी नव्वद सेकंदांवाला निवडला. ज्यात एकूण त्रास जास्त होता, तोच त्यांना पुन्हा चालणार होता.

कारण असं की आपली आठवण त्रासाची बेरीज ठेवत नाही. ती दोनच ठिकाणी खूण करते, सगळ्यात जास्त कुठे दुखलं आणि शेवटी कसं होतं. मधला वेळ किती गेला याला ती फारशी किंमत देत नाही. आणि 'पुन्हा करू का?' हा प्रश्न आला की उत्तर द्यायला ही आठवणच पुढे येते. त्या वेळी प्रत्यक्ष काय काय भोगलं, त्याला कोणी विचारत नाही.

आता हे पडद्यावर लावून बघा. 'सैराट' १७४ मिनिटांचा आहे. त्यातली बरीचशी मिनिटं हसण्याची, गाण्याची, उसाच्या शेतांची आहेत. पण सर्वांत जास्त दुखण्याची जागा आणि शेवट या दोन खुणा त्यात एकाच ठिकाणी पडतात. मारल्या गेलेल्या आर्ची-परश्याच्या रक्तात भरलेली त्यांच्या लहान मुलाची पावलं, आवाज बंद, आणि सिनेमा संपला. अर्धा अंशसुद्धा पाणी कोमट केलेलं नाही.

उलट उदाहरण 'श्वास'चं. २००४ चा सिनेमा, भारतानं ऑस्करसाठी पाठवलेला. डोळ्यांच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी कायमची जाणार आहे, आणि शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला एकदा जग दाखवून आणतात. विषय म्हणाल तर काळीज पिळवटणारा. पण शेवटी काळा चष्मा घातलेला पोरगा होडीतून गावाकडे परततो आणि हात हलवतो. ते तीस सेकंद आहेत. डोळे गेलेले आहेत, पाणी गारच आहे, पण १५ अंशाचं. आमच्या आईनं 'श्वास' तीनदा पूर्ण पाहिलाय आणि प्रत्येक वेळी ती पदराला डोळे पुसत शेवटपर्यंत जागची हललेली नाही.

आपल्याकडच्या जुन्या सांगणाऱ्यांना हे प्रयोगाशिवाय ठाऊक होतं असं मला वाटतं. सोलापूर सिद्धेश्वराचं गाव, श्रावणात घरोघरी शिवलीलामृत निघतं. त्यातली श्रियाळ-चांगुणेची कथा घ्या. अतिथीच्या हट्टासाठी आईनं पोटच्या चिलया बाळाला मारायचं, त्याचं मस्तक उखळात घालून कांडायचं, आणि डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही. आजच्या कोणत्या दिग्दर्शकाची एवढं दाखवायची छाती होईल, मला शंका आहे. तरी आमची आजी हे दर श्रावणात ऐकायची, आणि पुढच्या श्रावणात पुन्हा. कारण शेवटी शंकर म्हणतो, बाळाला हाक मार, आणि चिलया धावत येतो. तो धावत येतो म्हणून पुढच्या वर्षी उखळ सोसवतं.

मंजुळेंनी 'सैराट'मध्ये असं कोणाला धावत परत आणलं नाही. मला ते बरोबर वाटतं. आणलं असतं तर आपण समाधानानं घरी गेलो असतो, आणि ज्या गोष्टीवर तो सिनेमा आहे ती आपल्याच जिल्ह्यात चालू राहिली असती. पण मग याची किंमतही त्यांनाच मोजावी लागते. आई उठून जाते.

इथपर्यंत झाला शेवट. पण काही जणांना शेवट वगळूनही 'सैराट' पुन्हा बघवत नाही. त्याचं कारण दुसरं आहे.

रहस्यपटांचे दिग्दर्शक हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या गप्पांत एक प्रसिद्ध उदाहरण दिलंय. टेबलाखाली बॉम्ब आहे, दोघं जण गप्पा मारत बसलेत, आणि प्रेक्षकाला बॉम्बची कल्पना नाही. स्फोट झाला की प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. आता तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधीच दाखवा. त्याच रटाळ गप्पांची पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून बघितली जातात. पात्रांना ओरडून सांगावंसं वाटतं, उठा तिथून.

दुसऱ्यांदा सिनेमा बघताना प्रत्येक बॉम्ब आपल्याला आधीच माहीत असतो. पहिल्या वेळी 'झिंगाट' हा नुसता जल्लोष असतो. थिएटरात पोरं खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचत होती, मीही नाचलोय. दुसऱ्या वेळी त्याच गाण्याखाली टिकटिक ऐकू येते. पहिल्या वेळी आपल्याला पुढे ओढत नेते ती आशा असते, वाचतील, घरचे मान्य करतील, आईकडून भेटवस्तू आल्या म्हणजे राग निवळला. दुसऱ्यांदा त्या भेटवस्तूंच्या पिशव्याच बघवत नाहीत. दुःख तेवढंच, पण ते वाहून नेणारी आशा काढून घेतलेली.

गंमत म्हणजे, शेवट आधी कळला की गोष्टीची मजा जाते, ही समजूत निदान एका चाचणीत तरी टिकली नाही. २०११ मध्ये लेव्हिट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट कळलेल्यांना त्या कथा उलट थोड्या जास्तच आवडल्या. म्हणजे नुसतं 'माहीत असणं' हा गुन्हेगार नाही.

याचा आणखी पक्का पुरावा हवा असेल तर जपानकडे बघा. इसाओ ताकाहाता यांचा १९८८ चा 'काजव्यांचं थडगं' (ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज) हा अ‍ॅनिमेशन चित्रपट, स्टुडिओ घिबलीचा. युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत एक पोरगा धाकट्या बहिणीला घेऊन जगायची धडपड करतो. जगात 'एकदाच बघावा' अशा याद्या निघतात त्यात याचं नाव हमखास असतं. आणि हा सिनेमा सुरू कसा होतो? पोराचा आवाज तारीख सांगतो, २१ सप्टेंबर १९४५, त्या रात्री मी मेलो. पहिल्याच वाक्यात शेवट सांगून मोकळा. बॉम्ब टेबलावरच ठेवलाय. आशा पहिल्या वेळीसुद्धा नाही, तरी लोक दुसऱ्यांदा त्याच्याजवळ जात नाहीत. ज्या कथेवर तो बेतलाय ती अकियुकी नोसाका यांची, आणि त्यांची स्वतःची धाकटी बहीण १९४५ मध्ये उपासमारीनं गेली होती.

(या सिनेमाचा पहिला खेळ जपानी थिएटरांत 'माय नेबर टोटोरो' या गोंडस चित्रपटाच्या जोडीनं, एकाच तिकिटात लावला होता. पोरांना घेऊन गेलेल्या आईबापांचं काय झालं असेल, याचा मी अधूनमधून विचार करतो.)

तर मग आशेच्या खाली अजून काहीतरी आहे. मला ते आपल्या जुन्या रसचर्चेत सापडतं.

करुण रसाचा स्थायीभाव शोक, हे शाळेतल्या मराठीच्या तासालाही कानावरून गेलेलं असतं. पण शोक बघायला माणूस पैसे देऊन का जातो, यावर काश्मीरच्या पंडितांनी हजार वर्षांपूर्वी डोकं चालवलंय. भट्टनायकांनी त्याला साधारणीकरण म्हटलं. रंगमंचावरचं दुःख रामाचं राहत नाही आणि माझंही होत नाही. ते कोणा एकाच्या नावावर नसलेलं, नुसतं दुःख होतं, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. नंतरच्या अभिनवगुप्तांनी हा आस्वाद कशामुळे बिघडतो ते सांगितलं. त्यांनी सात रसविघ्नं मोजलीत. त्यातलं एक म्हणजे बघणाऱ्याला 'हे माझं' किंवा 'हे त्याचं', या ठरावीक जागेचं, या ठरावीक काळाचं असं घट्ट वाटू लागणं. दुसरं, स्वतःच्याच सुखदुःखात तो बुडून जाणं.

भरतमुनींनी तर युद्ध, राज्य जाणं, मरण, नगराला वेढा या गोष्टी प्रत्यक्ष दाखवू नका, प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या प्रसंगात पात्रांच्या तोंडून सांगा, असं लिहून ठेवलंय. पूर्वी मला तो सोवळेपणा वाटायचा. आता वाटतं, प्रेक्षकाला अंतर किती लागतं याची ती मोजपट्टी होती.

हीच गोष्ट तिखटावरून समजून घ्यायची तर पॉल रोझिन हे मानसशास्त्रज्ञ आहेत. मिरची जीभ भाजते तरी माणूस ती आवडीनं का खातो, याचा त्यांनी अनेक वर्षं अभ्यास केला, आणि २०१३ मध्ये मिरची, जत्रेतले पोटात गोळा आणणारे पाळणे आणि रडवणारे सिनेमे हे सगळे एकाच माळेचे मणी म्हणून मांडले. शरीर ओरडतंय 'धोका', मन म्हणतंय 'काही होत नाही रे', आणि या दोघांच्या मधल्या जागेत मजा आहे. शेंगाचटणीचा झणका लागल्यावर नाकातोंडातून पाणी काढत आपण दुसरी कडक भाकरी मोडतो, ती याच भरवशावर.

हा भरवसा तुटला की मजा संपते. तोंड आलेल्या माणसापुढे तीच चटणी ठेवून बघा.

माझा एक मित्र टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. २०१६ ला तो अविवाहित होता, 'सैराट' त्यानं थिएटरात पाच वेळा पाहिला, शेवटासकट. मागच्या दिवाळीत आमच्या घरी टीव्हीवर तो लागला होता आणि त्याचा दोन वर्षांचा पोरगा फरशीवर खेळत होता. आंघोळीच्या पाण्यात पाय ओले करून आला होता, मागे छोट्या छोट्या पावलांची रांग उमटलेली. मित्रानं आधी फरशीकडे बघितलं, मग रिमोट शोधला. "बदल बे ते," एवढंच म्हणाला. पाच वेळा सोसलेला शेवट सहाव्यांदा नको झाला. सिनेमातलं काही बदललं नव्हतं.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला हे विघ्न तसंही जवळ असतं. मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, रिंकू राजगुरू अकलूजची. पडद्यावरची भाषा आमची, ऊस आमचा, धुरळा आमचा. पुण्या-मुंबईच्या माणसाला ते 'ग्रामीण भागातलं वास्तव' म्हणून थोडं लांब ठेवता येत असेल. इथं 'त्या जागेचं' म्हणायला जागाच उरत नाही.

'फँड्री' तर एक पाऊल पुढे जातो. कैकाडी घरातला जब्या, गावानं त्याच्या घराला लावलेलं डुकरं धरायचं काम, आणि बघ्यांची गर्दी. शेवटी तो दगड उचलतो आणि फेकतो, तो थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्या अंगावर येतो. इथं दुःखाबरोबर आपली बाजूही ठरवून टाकलेली असते. आपण त्या गर्दीत आहोत. पहिल्या वेळी तो दगड अचानक लागतो. दुसऱ्या वेळी तो लागणार हे माहीत असून त्याच्या टप्प्यात स्वतःहून जाऊन बसायचं असतं. "परत लावू नकोस" यात मला दयेपेक्षा थोडी शरम ऐकू येते.

एक गंमत अशी की आपण हे सिनेमे फेकूनही देत नाही. माझ्या हार्डडिस्कमध्ये 'फँड्री' अजून आहे. 'कधीतरी निवांत बघू' या ढिगात. यावरही काम झालंय. १९९९ मध्ये लोकांना काही चित्रपट निवडायला दिले, तेव्हा आज रात्रीसाठी हलकेफुलके आणि पुढच्या दिवसांसाठी 'शिंडलर्स लिस्ट'सारखे भारदस्त निवडण्याकडे कल दिसला. दहा वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या डीव्हीडी भाड्यानं देणाऱ्या एका सेवेच्या नोंदी तपासल्या, तर 'बघायला हवेत' असे सिनेमे लोक घरी जास्त दिवस ठेवून घेत होते, न बघता. उद्याचा मी कायम आजच्यापेक्षा धीट असतो.

मी मात्र गेल्या पावसाळ्यात 'फँड्री' पुन्हा पाहिला. या लेखासाठी नाही, लाइट गेली होती, लॅपटॉपला दोन तासांची बॅटरी होती आणि नेट नव्हतं. जे पहिल्या वेळी आशेच्या आणि धास्तीच्या गडबडीत निसटलं होतं ते दिसलं. बांधलेलं डुक्कर घेऊन जब्याच्या घरचे ज्या भिंतीसमोरून जातात त्या भिंतीवर आंबेडकर, फुले, शाहू महाराज आहेत, हे पहिल्या वेळी डोळ्यांनी टिपलं असेल, पण मन पोरात अडकलं होतं. डुक्कर तावडीत येणार तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळं घर जागच्या जागी ताठ उभं राहतं. पहिल्यांदा मी त्यावर हसलो होतो, मला चांगलं आठवतंय. दगडाच्या वेळी डोळे मिटले का, तर हो, मिटले. तिसऱ्यांदा बघेन असं वाटत नाही.

टीव्हीवर या सिनेमांचं एक वेगळंच वाटोळं होतं. थिएटरात 'सैराट' संपल्यावर लोक बोलले नव्हते. पार्किंगमधल्या गाड्याही दोन-तीन मिनिटं कोणी सुरू केल्या नव्हत्या. घरी मात्र ती पावलं दिसतात न दिसतात तोच साबणाची जाहिरात. एका अर्थी तेच आपले वाढीव तीस सेकंद, फुकटात मिळालेले, आणि म्हणून मला त्यांचा राग येतो.

परवा रविवारी पुन्हा लागला होता. आई ठरल्या जागी उठली. आत काटवटीत मालदांडीचं पीठ मळल्याचा, मग थापट्यांचा आवाज यायला लागला. बाहेर टीव्हीवर शेवट सुरू झाला. त्या शेवटाला आवाज नाही, त्यामुळे आम्हाला फक्त भाकरी थापल्याचं ऐकू येत होतं, एका लयीत. वडील पडद्याकडे बघत होते, मी दाराकडे.

मग थापट्या थांबल्या.

"टीव्ही बंद केला का रे?" आईनं आतून विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. जाहिरातीचं गाणं सुरू होईपर्यंत थापटीचा पुढचा आवाज आला नाही.